धूळपाटीपासून पडद्यापर्यंत : खानदेशातील वर्गसाधने आणि शिक्षकाचे उद्दिष्ट

१

शाळेत नवे साधन आले म्हणजे शिक्षण सुधारले, असे मानण्याची प्रवृत्ती अलीकडील नव्हे. दगडी पाटी आली तेव्हा असेच मानले गेले. छापील क्रमिक पुस्तक, नकाशा, नभोवाणीचा संच आणि दूरचित्रवाणी यांच्याविषयीही तीच अपेक्षा बाळगली गेली. २०१५ नंतर धुळे जिल्ह्यातील प्राथमिक शाळांत प्रोजेक्टर आणि पडदा आला तेव्हा ती अपेक्षा पुन्हा एकदा व्यक्त झाली. अशा प्रसंगी यशाचे मोजमाप बहुधा संख्येने होते : किती शाळांना साधन मिळाले, किती वर्गांत ते बसविले गेले. इतिहासाच्या अभ्यासकाला या संख्येपलीकडचा एक प्रश्न विचारावा लागतो. त्या साधनाने वर्गात नेमके काय साधावयाचे, हे कोणी ठरविले?

प्रस्तुत निबंधात हा प्रश्न खानदेशापुरता तपासला आहे. खानदेश म्हणजे १८१८ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात आलेला व धुळे हे मुख्य ठाणे असलेला जुना जिल्हा. १९०६ मध्ये त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर ते अनुक्रमे जळगाव व धुळे या नावांनी ओळखले जाऊ लागले. आणि १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निघाला. हा प्रदेश या प्रश्नासाठी विशेष उपयोगी आहे. येथील बहुसंख्य मुलांच्या घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांत अंतर असल्यामुळे साधनाचा हेतू आणि मुलाची गरज यांतील फट येथे लवकर दृष्टीस पडते.

आरंभीच दोन शब्दांतील भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. 'ध्येय' दूरचे असते. उत्तम नागरिक घडविणे हे ध्येय होय. 'उद्दिष्ट' जवळचे असते. ते एका वर्गापुरते, ठराविक मुदतीपुरते असून पुरे झाले की नाही हे तपासता येते. अध्यापक विद्यालयातून बाहेर पडलेल्या प्रत्येकाने पाठाच्या टाचणात 'उद्दिष्टे व स्पष्टीकरणे' हा रकाना भरलेला असतो. हा रकाना कोण भरतो आणि कशाच्या आधारे भरतो, यावरच पुढील सर्व विवेचन अवलंबून आहे.

२

इंग्रजी अमलापूर्वीच्या व त्याच्या आरंभीच्या गावठी शाळेतील मुख्य साधन म्हणजे धूळपाटी. लाकडी फळीवर बारीक धूळ किंवा विटांची भुकटी पसरावयाची, काडीने किंवा बोटाने अक्षर काढावयाचे आणि हाताने पुसून पुन्हा काढावयाचे. खर्च जवळजवळ नाही. चूक पुसली जाते. हात मात्र वळतो. तिच्या जोडीला पाढ्यांचे पाठांतर असे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी ही सारी परवचा मुले एका सुरात म्हणत.

या शाळेचे उद्दिष्ट कोणत्याही कागदावर लिहिलेले नव्हते. तरी ते पंतोजीला, मुलाला आणि मुलाच्या बापाला सारखेच ठाऊक होते. मुलाला मोडी वाचता व लिहिता यावी, व्याजाचा व मापाचा हिशेब तोंडी करता यावा, कुळकर्ण्याच्या दप्तरात किंवा पेढीवरील चोपडीत त्याचा हात चालावा. साधन व उद्दिष्ट ही दोन्ही एकाच माणसाच्या हाती होती. मूल तयार झाले की नाही हे सांगण्यास बाहेरच्या परीक्षकाची गरज नव्हती. चोपडीच ते सांगत असे.

तथापि या व्यवस्थेचे गुणगान करून थांबणे इतिहासाशी प्रामाणिक होणार नाही. तिचे उद्दिष्ट स्पष्ट होते, परंतु अत्यंत अरुंद होते. ज्यांच्या घरी चोपडी किंवा दप्तर होते त्यांच्याच मुलांसाठी प्रायः ती शाळा होती. मुली, अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले, सातपुड्याच्या पायथ्याची भिल्ल मुले यांचा विचार त्या उद्दिष्टात नव्हता. उद्दिष्ट शिक्षकाच्या हाती असणे आवश्यक असले तरी तेवढ्याने ते न्याय्य ठरत नाही, हा धडा पहिल्याच टप्प्यावर मिळतो.

३

१८२० नंतरच्या दशकात मुंबईत देशी भाषांतील शालेय पुस्तके तयार करून छापण्याचा उद्योग सुरू झाला. १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर १८५५ मध्ये मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले, आणि मेजर थॉमस कँडी यांच्या देखरेखीखाली मराठी क्रमिक पुस्तकांना स्थिर रूप आले. खानदेशातील खेड्यातल्या शाळेत यानंतर तीन नवी साधने दिसू लागली : बालबोध लिपीत छापलेले पुस्तक, दगडी पाटी आणि भिंतीवरील काळा फळा.

ही तिन्ही साधने सारख्या स्वरूपाची नव्हेत. छापील पुस्तकात काय असावे हे पुण्यामुंबईत ठरत असे. किती पाठ झाले आणि मुलांना ते येतात की नाही, हे पाहण्यास वर्षातून एकदा दिपोटी येई. आणि इलाख्यात निकालावर अनुदान देण्याची पद्धत ज्या शाळांना लागू होती, तेथे मुलाच्या वाचनाला रुपयांत किंमत आली. परिणाम असा की, उद्दिष्ट पंतोजीच्या हातून निघून पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत गेले. 'मुलाला काय यावे' या प्रश्नाची जागा 'पुस्तक कोठपर्यंत झाले' या प्रश्नाने घेतली. हा बदल पुस्तकाच्या छपाईबरोबर आला असला तरी छपाईमुळे अपरिहार्यपणे आला असे म्हणता येत नाही. तो तपासणीच्या रीतीमुळे आला.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात महात्मा फुले यांनी प्राथमिक शाळेच्या अभ्यासक्रमाविषयी ज्या मागण्या केल्या त्या या संदर्भात पाहण्यासारख्या आहेत. वाचन-लेखन मोडी व बालबोध या दोन्ही लिपींत असावे, हिशेब असावा, इतिहास, भूगोल व व्याकरण यांचे प्राथमिक ज्ञान असावे, शेतीविषयी माहिती असावी, नीती व आरोग्याचे पाठ असावेत, असे त्यांचे म्हणणे होते. फुल्यांनी छापील पुस्तकाला विरोध केला नाही, आणि जुन्या पंतोजीकडे परत जाण्याचीही मागणी केली नाही. शेतकऱ्याच्या मुलाला सावकाराचा मोडी कागद वाचता आला पाहिजे, ही त्या मागणीमागील दृष्टी होती. उद्दिष्ट मुलाच्या जीवनावरून ठरावे आणि साधन त्याच्यामागून यावे, हाच तिचा अर्थ.

फळ्याची गोष्ट निराळी आहे. या तीन साधनांपैकी ज्याचा मजकूर सर्वस्वी वर्गशिक्षकाच्या हाती राहिला असे साधन फळा हेच होय. पुस्तकात जे नाही ते फळ्यावर लिहिता येते. खानदेशात याला किती महत्त्व आहे हे भाषेच्या अंगाने पाहिल्यास ध्यानात येईल.

४

ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठीला सातवा खंड दिला आहे. खानदेशीचा, म्हणजे प्रामुख्याने अहिराणीचा, समावेश मात्र त्या खंडात नाही. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नवव्या खंडाच्या तिसऱ्या भागात भिल्ली भाषांबरोबर ती आढळते. हे वर्गीकरण सर्वांनाच मान्य झाले असे नाही. परंतु अहिराणी ही बिघडलेली मराठी नसून तिला स्वतःची व्याकरणव्यवस्था आहे, एवढे त्यावरून निश्चित झाले. पुढे डॉ. रमेश सूर्यवंशी यांच्यासारख्या अभ्यासकांनी कोशरचना व वर्णन यांच्या द्वारा तीच गोष्ट तपशिलाने दाखविली. २०११ च्या जनगणनेत खानदेशी ही मातृभाषा नोंदविणाऱ्यांची संख्या सुमारे १८ लाख ६० हजार भरली.

एक साधे वाक्य घ्यावे. पुस्तकात 'माझा भाऊ शाळेत जातो' असे असेल, तर धुळे-साक्री-शिंदखेडे भागातील मूल घरी 'मना भाऊ शायामा जास' असे म्हणते. चार शब्दांच्या या वाक्यात 'भाऊ' तेवढा समान आहे. 'माझा' याच्या जागी 'मना' आहे. येथील 'ना' हा षष्ठीचा प्रत्यय गुजरातीच्या 'नो-नी-नुं' या प्रत्ययांशी नाते सांगतो. 'ळ' चा 'य' झाला आहे. सप्तमीचा 'त' नसून 'मा' आहे. क्रियापदाचे रूप 'जातो' नसून 'जास' आहे. 'आहे' याच्या ठिकाणी 'शे' येते आणि 'मला' याच्या ठिकाणी 'माले'. हे सर्व फरक नियमबद्ध आहेत, आणि नियमबद्ध असल्यामुळेच ते शिकविण्याजोगे आहेत.

जळगावच्या पूर्वेकडे, रावेर-यावल-भुसावळ भागात, लेवा बोली व तावडी आढळतात, सातपुड्यात पावरी व भिल्लीची रूपे, तांड्यांवर गोरमाटी. प्रत्येक ठिकाणी पुस्तक तेच असते, परंतु पुस्तक आणि मूल यांतील अंतर निरनिराळे असते. एकच उद्दिष्ट राजधानीतून छापून आले तर ते यांपैकी एकाही वर्गाला नेमके बसणार नाही. 'ळ' चा उच्चार येथे तीन आठवडे घ्यावयाचा की तीन दिवस, 'शे' पासून 'आहे' पर्यंत मुलाला कसे न्यावयाचे, हे वर्गासमोर उभा असलेला शिक्षकच ठरवू शकतो.

ज्या शिक्षकाने फळ्यावर एका बाजूस मुलाचे वाक्य व दुसऱ्या बाजूस पुस्तकाचे वाक्य लिहिले, त्याने फळ्याचा खरा उपयोग केला. ज्याने 'शे' ऐकताच 'अशुद्ध' म्हणून छडी उगारली, त्याच्या वर्गात मूल गप्प बसण्यास शिकले. गप्प बसलेल्या मुलाची नोंद कोणत्याही तपासणीअहवालात होत नाही. म्हणून हे नुकसान मोजलेही जात नाही. खानदेशातील वर्गसाधनांच्या इतिहासात पणाला लागलेली गोष्ट हीच आहे.

५

साधन अत्यंत साधे, परंतु उद्दिष्ट स्वतःचे, याचे ठळक उदाहरण अमळनेरला मिळते. तेथे श्रीमंत प्रतापशेठ यांच्या दातृत्वाने तत्त्वज्ञान मंदिर व हायस्कूल या संस्था उभ्या राहिल्या होत्या. पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे पुढे साने गुरुजी म्हणून महाराष्ट्राला परिचित झालेले शिक्षक, १९२४ ते १९३० या काळात तेथील प्रताप हायस्कूलात होते व छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे होती.

छात्रालयातील मुलांसाठी त्यांनी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक सुरू केले. ते स्वतःच्या हाताने लिहून ते मुलांपुढे ठेवीत. पुढे १९२८ च्या सुमारास 'विद्यार्थी' हे छापील मासिकही निघाले. हस्तलिखित दैनिक हे तंत्राच्या दृष्टीने छापखान्याच्या मागचे साधन. १९२४ मध्ये अमळनेरसारख्या गिरणीच्या गावी छपाई अशक्य होती असेही नव्हे. मग हाताने लिहिण्याचा खटाटोप कशासाठी? उत्तर उद्दिष्टात आहे. घर सोडून आलेल्या मुलाला पाठ्यपुस्तकाबाहेरचे जग रोज थोडे दाखवावे, आणि ते त्या दिवशीच्या त्या मुलांना उद्देशून असावे, ही गरज छापून येणाऱ्या मजकुराने भागणारी नव्हती. दैनिक हे साधन या गरजेतून जन्मले. ते कोणी पुरविलेले नव्हते. पुढे वाचक वाढले, हेतू विस्तारला, तेव्हा छपाईचे साधन घेतले गेले. साधनातील बदल उद्दिष्टातील बदलाच्या मागोमाग आला, हा क्रम येथे महत्त्वाचा आहे.

याच माणसाच्या लेखणीचा दुसरा प्रसंग धुळ्याच्या तुरुंगातील. १९३२ मध्ये २१ फेब्रुवारी ते १९ जून या अवधीत विनोबांनी तेथे दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर अठरा प्रवचने दिली. बोलण्याच्या वेगाने ती टिपून घेण्याचे काम साने गुरुजींनी केले, आणि 'गीता प्रवचने' हा ग्रंथ त्या टिपणांतून सिद्ध झाला. त्या वर्गात फळा नव्हता, पुस्तक प्रत्येकाच्या हाती नव्हते. बोलणाऱ्याला काय सांगावयाचे आणि टिपणाऱ्याला काय राखावयाचे हे मात्र दोघांनाही नेमके माहीत होते.

६

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे शिक्षणपरिषद भरली आणि झाकिर हुसेन समितीने मूलोद्योगी शिक्षणाची योजना आखली. मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने तिचा स्वीकार प्रयोगादाखल केला. स्वातंत्र्यानंतर तिचा प्रसार झाला. या योजनेने वर्गात आणलेले साधन म्हणजे टकळी. खानदेश हा कापसाचा मुलूख, आणि १९३६ अखेरच्या फैजपूर काँग्रेसने खादी व ग्रामोद्योग यांचे प्रदर्शन येथल्या खेडुतांना नुकतेच दाखविलेले. तेव्हा टकळीला येथे परकेपणा नव्हता.

योजनेचा प्राण टकळीत नसून 'समवाया'त होता. सूत कातताना तारांची मोजणी करून गणित, कापसाच्या जमिनीवरून भूगोल, गिरण्यांवरून इतिहास असे सर्व विषय एका कामाभोवती गुंफावयाचे होते. हे गुंफण कोणत्याही पुस्तकात तयार मिळण्याजोगे नव्हते. ते शिक्षकाने रोज नव्याने ठरवावे लागे. जेथे हे ठरविले गेले नाही, तेथे समवाय गळाला आणि सूतकताई हा वेळापत्रकातील एक तास तेवढा उरला. टकळी फिरत राहिली. तिने काय शिकवावयाचे हे कोणी विचारीनासे झाले. मूलोद्योगाच्या अपयशाला निधी, प्रशिक्षण व पालकांची इंग्रजी शिक्षणाची ओढ अशी अनेक कारणे आहेत. परंतु वर्गाच्या आत पाहिल्यास साधन उद्दिष्टापासून सुटले, हे कारण दिसते.

७

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उद्दिष्टांचे शास्त्र झाले. त्यापूर्वी अध्यापक विद्यालयांत हर्बार्टच्या पंचपद्या प्रचारात होत्या. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम व त्यांचे सहकारी यांनी शैक्षणिक उद्दिष्टांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले, आणि लवकरच ब्लूम स्वतः परीक्षापद्धतीच्या सुधारणेसाठी भारतात आले. ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य हे शब्द त्यानंतर पाठाच्या टाचणात रूढ झाले. १९९१ मध्ये दवे समितीने किमान अध्ययन क्षमतांची यादी दिली. महाराष्ट्राचा १९९५ चा प्राथमिक अभ्यासक्रम क्षमताधिष्ठित होता.

या घटनांनी शिक्षकाला उद्दिष्टाची भाषा दिली, हा मोठा लाभ होय. परंतु त्याबरोबर एक उलटी गोष्टही घडली. उद्दिष्टे क्रमांक लावून छापून येऊ लागली आणि टाचणाच्या वहीत ती जशीच्या तशी उतरविण्याची रीत पडली. कँडींच्या काळी उद्दिष्ट अनुक्रमणिकेत गेले होते. आता ते क्षमतांच्या तक्त्यात गेले. रकाना भरला जाई, परंतु तो भरणाऱ्याने आपल्या वर्गाकडे पाहिलेच असेल असे नाही.

मानसशास्त्रातील संशोधन या बाबतीत उद्बोधक आहे. एडविन लॉक यांनी १९६८ पासून व पुढे गॅरी लॅथम यांच्यासमवेत असे प्रतिपादन केले की, 'जमेल तितके चांगले करा' अशा मोघम सांगण्यापेक्षा नेमके व काहीसे अवघड उद्दिष्ट माणसाकडून अधिक काम करवून घेते. मात्र त्याला दोन अटी आहेत : उद्दिष्ट त्या माणसाने आपले म्हणून स्वीकारलेले असावे, आणि आपण कोठवर आलो हे त्याला वेळोवेळी कळावे. उतरवून काढलेल्या टाचणात पहिली अट पाळली जात नाही. वर्षअखेरीच्या परीक्षेत दुसरी.

साधनांची परंपराही याच काळात वाढत होती. १९१३ मध्ये एडिसन यांनी पुस्तके शाळांतून लवकरच कालबाह्य होतील व चलच्चित्रे त्यांची जागा घेतील असे भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही. अमेरिकेतील इतिहासकार लॅरी क्यूबन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात चित्रपट, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांचा वर्गातील इतिहास तपासला. प्रत्येक साधन मोठ्या आशेने आणले गेले, क्वचित् वापरले गेले, आणि दोष मात्र शिक्षकाला दिला गेला. वास्तविक त्याच्या वर्गातील अडचण सोडविण्यासाठी ते साधन निवडलेच गेले नव्हते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. महाराष्ट्रात १९८४ मध्ये पुण्यास 'बालचित्रवाणी' ही संस्था निघाली. तिने शालेय कार्यक्रम तयार केले, आणि पुढे ती बंद पडली. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून १९८७ मध्ये 'खडू-फळा योजना' आली. किमान दोन खोल्या, दोन शिक्षक आणि काही अध्यापनसाहित्य प्रत्येक प्राथमिक शाळेला द्यावे, एवढीच तिची माफक मागणी होती. स्वातंत्र्यानंतर चाळीस वर्षांनी फळा पुरविण्याची योजना करावी लागते, यावरून उपग्रहावरील कार्यक्रम आणि खेड्यातील वर्ग यांत किती अंतर होते हे समजते.

८

२२ जून २०१५ च्या शासननिर्णयाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम सुरू झाला. त्याचे उद्दिष्ट प्रत्येक मूल शिकावे व प्रत्येक शाळा प्रगत व्हावी असे होते. त्याच सुमारास डिजिटल शाळांची चळवळ राज्यभर पसरली. धुळे जिल्ह्यात तिला विशेष गती मिळाली. मूळचे धुळ्याचे व न्यूयॉर्क येथे वित्तक्षेत्रात काम करणारे हर्षल विभांडिक यांनी गावोगाव सभा घेऊन लोकवर्गणीचे आवाहन केले व स्वतःचाही वाटा घातला. जिल्हा परिषदेच्या अकराशेच्या घरातील शाळांपर्यंत हा उपक्रम गेला. सरकारी पुरवठ्याची वाट न पाहता गावाने आपल्या शाळेसाठी पैसे काढले, ही गोष्ट सामाजिक इतिहासात नोंदवून ठेवण्यासारखी आहे. खडू-फळा योजनेत साधन वरून आले होते. येथे ते गावाने आणले.

तरीही निबंधाच्या आरंभीचा प्रश्न शिल्लक राहतो. पडद्यावरील धड्याची भाषा प्रमाण मराठीच असते. छापील पुस्तक निदान थांबते. मूल अडखळले तर शिक्षक बोट ठेवून वाट पाहू शकतो. चलच्चित्र स्वतःच्या वेगाने पुढे जाते. पुस्तकाप्रमाणेच तेही 'शे' म्हणणाऱ्या मुलाचे ऐकत नाही. किंबहुना चित्र आकर्षक असल्यामुळे मूल शांत बसते, आणि ही शांतता आकलनाची की सवयीची हे बाहेरून ओळखू येत नाही. २००६ मध्ये पुन्या मिश्रा व मॅथ्यू कोहलर यांनी असे मांडले की, विषयाचे ज्ञान, अध्यापनाचे ज्ञान आणि तंत्राचे ज्ञान ही तीन वेगवेगळी शिकून भागत नाही; त्यांचा संयोग शिक्षकाला साधावा लागतो. खानदेशापुरते या त्रयीत मुलाच्या बोलीचे ज्ञान हे चौथे अंग मिळवावे लागेल.

हा संयोग कसा दिसतो याचे उदाहरण सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे आहे. तेथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापण्याचा त्यांचा प्रयोग सर्वश्रुत झाला. परंतु त्यामागील क्रम पुष्कळदा दुर्लक्षिला जातो. शाळेतील मुलांची घरची भाषा कन्नड आहे आणि पुस्तक त्यांच्या भाषेत नाही, ही अडचण त्यांनी प्रथम ओळखली. ते स्वतः कन्नड शिकले, पुस्तकातील मजकूर मुलांच्या भाषेत आणला, आणि त्यानंतर ध्वनिमुद्रित कविता व पाठ यांच्याशी पुस्तकाची पाने कोडने जोडली. कोड नंतरचा, भाषेचे उद्दिष्ट आधीचे. अमळनेरच्या हस्तलिखित दैनिकात दिसलेला क्रमच येथे शतकाच्या अंतराने पुन्हा दिसतो.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या. 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' या अभ्यासमालेतून व सह्याद्री वाहिनीवरील 'टिलीमिली' या कार्यक्रमातून पाठ घरी पोहोचविण्याचा प्रयत्न झाला. ज्या घरी फोन होता तेथेही तो बापाबरोबर शेतात जाई, ही अडचण सर्वपरिचित आहे. परंतु त्या काळाने एक गोष्ट शिक्षकांच्या हाती दिली : मुलांनी वाचलेला किंवा बोललेला मजकूर ध्वनिमुद्रित होऊन शिक्षकाकडे उलट येऊ लागला. धूळपाटी, पाटी व फळा यांच्यानंतर मुलाकडून शिक्षकाकडे जाणारे असे साधन प्रथमच सर्वसाधारण वापरात आले. पुस्तक, नभोवाणी, दूरचित्रवाणी व पडदा ही सारी एका दिशेने बोलणारी साधने होत.

या शक्यतेचा विचार उदाहरणाने करावा. दुसरीच्या वर्गातील शिक्षिकेने सहा आठवड्यांपुरते एकच उद्दिष्ट ठेवले, असे समजावे : वर्गातील प्रत्येक मुलाने घरची एक गोष्ट आपल्या बोलीत सांगावी आणि तिच्यातील पाच वाक्ये पुस्तकी मराठीत स्वतः लिहावीत. गोष्ट फोनवर ध्वनिमुद्रित करता येईल. फळ्यावर 'मना भाऊ' व 'माझा भाऊ' समोरासमोर लिहिता येतील. पडद्यावर मुलाचेच वाक्य मोठ्या अक्षरांत दाखविता येईल. सहाव्या आठवड्यात पहिले ध्वनिमुद्रण व शेवटचे लेखन शेजारी ठेवून प्रगती तपासता येईल. यात नवे यंत्र एकही नाही. लॉक यांच्या दोन्ही अटी मात्र येथे पुऱ्या होतात, आणि मुलाची बोली अडथळा न ठरता पहिली पायरी ठरते.

बोलणाऱ्याचा शब्द टिपून घेण्याचे मोल खानदेशाला नवे नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या मुखातील ओव्या पुत्र सोपानदेव व इतर आप्त यांनी टिपून ठेवल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई निवर्तल्या आणि १९५२ मध्ये त्या ओव्या पुस्तकरूपाने आल्या. जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये त्यांचेच नाव देण्यात आले. त्या वेळी कोणी ती बोली 'शुद्ध' करून टिपली असती, तर मराठीला जे मिळाले ते मिळाले नसते.

९

दोनशे वर्षांच्या या आलेखातून काही निष्कर्ष निघतात. पहिला असा की, साधनाची नवता आणि त्याची फलदायकता यांचा थेट संबंध दिसत नाही. हस्तलिखित दैनिक जुने साधन असून कामास आले. टकळीसारखे विचारपूर्वक निवडलेले साधन हेतू सुटताच निर्जीव झाले. दुसरा असा की, उद्दिष्ट वर्गाबाहेर ठरू लागले म्हणजे, ते पुस्तकाच्या अनुक्रमणिकेत असो वा क्षमतांच्या तक्त्यात असो, शिक्षक साधनाचा केवळ चालक होतो. तिसरा निष्कर्ष पहिल्या दोहोंना मर्यादा घालणारा आहे. उद्दिष्ट केवळ शिक्षकाच्या हाती असणे पुरेसे नाही. पंतोजीचे उद्दिष्ट त्याच्याच हाती होते, पण त्यात बहुसंख्य मुलांना स्थान नव्हते. वर्गातील प्रत्येक मूल, त्याच्या बोलीसह, उद्दिष्टाच्या कक्षेत आले पाहिजे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य असेल तेथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकविण्याचा पुरस्कार केला आहे. खानदेशात 'घरची भाषा' म्हणजे कोणती, हे धोरणाचा कागद सांगू शकत नाही. शहाद्याच्या वर्गात तिचे उत्तर एक येईल, पारोळ्यात दुसरे, यावलला तिसरे. ते उत्तर शोधणे आणि त्यावरून टाचणाचा रकाना भरणे हे वर्गशिक्षकाचे काम आहे. ते शोधण्याची साधने त्याला पुरविणे हे विद्यापीठातील भाषाविभागांचे काम आहे. तालुक्यागणिक बोलींचे शालोपयोगी वर्णन, पुस्तकातील रूपे व बोलीतील रूपे यांचे तक्ते, मुलांच्या ध्वनिमुद्रणांचे शास्त्रशुद्ध संग्रह ही कामे पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील आहेत.

डिजिटल शाळांची गणना यापुढेही होत राहील, आणि ती होण्यास हरकत नाही. तपासणीस आलेल्या अधिकाऱ्याने पडदा चालतो की नाही हे पाहिल्यानंतर टाचणाची वही उघडून आणखी एक प्रश्न विचारावा : या आठवड्याचे उद्दिष्ट कोणत्या मुलाला समोर ठेवून लिहिले? ज्या वर्गात या प्रश्नाचे उत्तर मुलाच्या नावाने मिळेल, तेथे धूळपाटी असती तरी चालली असती. आणि पडदा असेल तर तो सार्थकी लागेल.